जर्नल उतरवू नका, लिहा

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी एक दिवस म्हणते, "मला टेक्निकल रायटिंगमध्ये जायचंय," आणि आईबाबांच्या पोटात गोळा येतो. एवढी फी भरली ती लिहीत बसायला का? काळजी रास्त आहे, म्हणून आधी हे काम काय असतं ते पाहू.

यंत्र, सॉफ्टवेअर किंवा औषध बनवणाऱ्याला जे ठाऊक असतं, ते वापरणाऱ्यापर्यंत बिनचूक पोहोचवायचं, हे ते काम. पुण्यात हिंजवडी-खराडीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत त्याला डॉक्युमेंटेशन म्हणतात. यूजर गाइड, एपीआयची माहिती, रिलीज नोट्स तिथे लिहिल्या जातात. चाकणच्या कारखान्यांना एसओपी (कामाच्या ठरलेल्या पायऱ्यांची पत्रकं) आणि मेंटेनन्स मॅन्युअल लागतात. औषधक्षेत्रात मेडिकल रायटर असतात. क्लिनिकल ट्रायलचा अहवाल कसा मांडायचा, याची 'आयसीएच ई३' ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं १९९५ पासून आहेत. या कामाला बी.फार्म., लाइफ सायन्सचे एम.एस्सी., बीडीएस, अगदी बीएएमएस झालेली मुलंही घेतात. डिग्री वाया जात नाही. विषय कळल्याशिवाय हे लिहिताच येत नाही.

कॉलेजात हे शिकायला मिळतं का? मिळतं, पण ती संधी आपण घालवतो. जर्नल सीनियरचं बघून उतरवायचं, फायनल इयरच्या ब्लॅक बुकची, म्हणजे प्रोजेक्ट रिपोर्टची, पहिली प्रकरणं इंटरनेटवरून उचलायची, सबमिशनच्या आदल्या दिवशी बाइंडिंगवाल्याकडे पळायचं. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण नोकरीत ज्याचे पैसे मिळतात त्याचाच सराव त्या पानांवर फुकट होणार असतो.

सेंट्रिफ्युगल पंपाचा प्रयोग घ्या. जर्नलमध्ये असं काहीतरी असतं: "पंप सुरू करून डिलिव्हरी व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा. तत्पूर्वी पंपाचे प्रायमिंग झालेले असावे." व्याकरणात खोट नाही. पण पंपाजवळ उभा राहून वाचणारा माणूस पहिलं वाक्य वाचताच बटण दाबतो. दुसऱ्या वाक्याशी येईपर्यंत पंप कोरडा फिरतोय आणि सील तापतंय. आता हेच असं लिहा: पंपात पाणी भरून आतली हवा काढा. डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद असल्याचं पाहा. मोटर सुरू करा. दाब चढला की व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. एका वाक्यात एकच कृती, क्रम प्रत्यक्ष करण्याचा, आणि कोरडा पंप चालवू नका हा इशारा सगळ्यात वर. मग तो कागद दुसऱ्या ब्रँचच्या मित्राच्या हातात द्या आणि गप्प उभे राहा. तो जिथे अडखळेल, तिथे तुमचं लेखन कच्चं आहे.

"पण तिचं शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजी जमेल का?" इंग्रजी लागतं, मात्र फुलोऱ्याचं नाही. विमानांच्या देखभालीसाठी जी 'सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश' वापरतात, तिच्या नियमांनुसार सूचनेचं वाक्य २० शब्दांच्या पुढे जाऊ द्यायचं नसतं. मोजक्या शब्दांत नेमकं लिहिण्याची सवय मराठीत लावली तरी ती पुढे कामी येते.

एआयचं काय? नुसतं व्याकरण तपासून देणाऱ्याला यापुढे फारसं काम उरेल असं मला वाटत नाही. पण पंपाजवळ जाऊन पायऱ्या स्वतः करून पाहणं, इंजिनीअरला खोदून विचारणं, मसुद्यातलं चूक विधान पकडणं, यासाठी माणूसच लागतो. त्यामुळे विषयात कच्चं राहून चालणार नाही.

महागड्या सर्टिफिकेटच्या मागे लगेच धावू नका. या व्यवसायातली अमेरिकेतली जुनी संस्था, सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन, २०२५ च्या सुरुवातीला दिवाळखोरीत बंद झाली. प्रमाणपत्रं तीही देत असे. गूगलचे टेक्निकल रायटिंगचे कोर्स मोफत आहेत, तिथून सुरुवात करा. मार्कडाउन आणि गिट ही या कामातली साधनं शिकायला थोडेच दिवस लागतात. एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पाच्या सूचना वाचा, चूक दिसली तर दुरुस्ती पाठवा. मुलाखतीला जाताना असे तीन-चार नमुने जवळ असू द्या आणि प्रत्येकाचा पहिला मसुदाही सोबत ठेवा. कुठलं वाक्य का बदललं, हे समोरच्याला सांगता आलं पाहिजे.