अवधानाची उणीव आणि कामकरी स्त्री

धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव फटाक्यांच्या उत्पादनासाठी सर्वपरिचित आहे. या व्यवसायात स्त्रियाही काम करतात. दारू भरणे, वात बसविणे अशा कामांत अवधान हाच सुरक्षिततेचा पहिला आधार होय. ज्या स्त्रीला अवधान टिकविणेच मुळात कठीण जाते, तिचा विचार या पार्श्वभूमीवर होणे अगत्याचे आहे.

अवधान-न्यूनता व अतिचंचलता, म्हणजेच ए.डी.एच.डी., ही मेंदूच्या विकासाशी निगडित अवस्था आहे. इ.स. १९०२ मध्ये जॉर्ज स्टिल या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी अशा मुलांचे वर्णन केले होते. लक्षणांचा आरंभ बालपणीच होतो. मुलींमध्ये मात्र धावपळीपेक्षा हरवलेपणा अधिक आढळतो. वर्गात कोणालाही त्रास न देणारी ही मुलगी शिक्षकांच्या नजरेतून निसटते आणि मोठेपणी वेंधळी, आळशी ही विशेषणे तिला चिकटतात.

वस्तुतः तिच्या बुद्धीत वा इच्छेत उणीव नसते. कामाला आरंभ करणे, त्याचा क्रम लावणे, वेळेचा अंदाज घेणे आणि तोंडी सूचना ध्यानात ठेवणे या गोष्टी तिला जड जातात. आवडीच्या कामात ती तासन्‌तास रमते. त्यामुळे ‘मनात आणले तर जमते’ असा गैरसमज होतो. त्यातच घरच्या कामांची आखणीही बहुधा तिच्याकडेच असते.

यावरील उपाय फारसे खर्चिक नाहीत. सूचना लेखी व एका वेळी एक द्यावी. मोठ्या कामाचे टप्पे पाडून प्रत्येकास मुदत ठरवावी. शक्य तेथे शांत जागा द्यावी. राज्यात २०११ पासून पंचायतींमध्ये स्त्रियांना ५० टक्के आरक्षण आहे. सभेचे विषय सोप्या भाषेत आधी हाती पडले, तर अशा सदस्येलाही आपले म्हणणे नीट मांडता येईल.

धोक्याच्या उद्योगात मात्र केवळ स्मरणावर विसंबता कामा नये. कामाचा क्रम पाटीवर लिहिलेला असावा, दारू मोजून द्यावी, विश्रांतीची वेळ ठरलेली असावी. आपली अडचण सांगणाऱ्या स्त्रीस मजुरी न कापता दारूपासून दूरचे काम द्यावे. अडचण सांगितल्याने रोजगार जाणार असेल, तर ती लपविली जाईल. आणि लपविलेली अडचण त्या खोलीतील सर्वांच्याच जिवावर बेतू शकेल.

तथापि प्रत्येक विसराळूपणा म्हणजे ही अवस्था नव्हे. अपुरी झोप, रक्तक्षय, थायरॉईडचे विकार, चिंता यांमुळेही लक्ष लागत नाही. म्हणून निदान मानसोपचारतज्ज्ञांकडूनच करून घ्यावे. औषधे व समुपदेशन यांचा उपयोग होतो. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर प्राथमिक मार्गदर्शन मिळते.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या अधिनियमात २१ प्रकार नमूद आहेत; त्यांत या अवस्थेचा स्वतंत्र उल्लेख नाही. साहजिकच कार्यालयप्रमुख, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या समजुतीवर बरेच अवलंबून राहते. दोष देण्यापूर्वी कामाची रचना तपासून पाहण्याची सवय त्यांनी लावून घेतल्यास अनेक कर्तबगार हात कामावर टिकून राहतील.