वाद्याशिवाय गाण्याचा डेमो

आमच्या हाउसमध्ये पेटी वाजवणारा आता कोणी उरलेला नाही. जो होता तो बारावी करून गेला. हाउसच्या नव्या गाण्याचे शब्द लिहून झाले आहेत, चाल माझ्या डोक्यात आहे, आणि बँडमास्तर सरांनी स्पष्ट सांगितलं आहे की ऐकल्याशिवाय ते बँडसाठी एक ओळही लिहिणार नाहीत. डोक्यातली चाल फार दिवस टिकत नाही. हळूहळू ती एखाद्या सिनेमातल्या गाण्यासारखी होत जाते आणि आपल्याला कळतही नाही. मला कोणतंच वाद्य येत नाही. तरी डेमो करता येतो, आणि तो कसा करायचा हे मी शिकलो ते इथे लिहितो.

डेमो सुरेख असायची गरज नाही. ऐकणाऱ्याला त्यातून वेग किती, सा कुठला आणि कोणता शब्द कोणत्या मात्रेवर पडतो, एवढं कळलं की पुरे.

वेगाचं काम उस्तादांनी आधीच करून ठेवलं आहे. तेज चल म्हणजे मिनिटाला 120 पावलं, सेकंदाला दोन. सेकंदकाट्याकडे बघत थोडा वेळ कदमताल करा आणि त्यावर ओळ म्हणून बघा. ताल निवडताना पायांचा विचार आधी करावा. केरव्यात 8 मात्रा असतात, त्यामुळे सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, दर वेळी डाव्या पावलावर येते. रूपकात 7 मात्रा. तिथे सम एकदा डाव्या पायावर आणि पुढच्या आवर्तनात उजव्या पायावर. त्यावर स्क्वाड चालवून बघा, म्हणजे समजेल! दादरा 6 मात्रांचा असला तरी चालतो, मात्र पाऊल पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर टाकायचं. ठेक्यासाठी आपली लोखंडी ट्रंक उत्तम. वर घोंगडीची एक घडी ठेवून मुठीनं वाजवली की ढोलासारखा आवाज येतो, नुसत्या पत्र्याचा खणखणाट येत नाही.

वाद्याशिवाय गाणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. जात्यावर दळणाऱ्या बायकांकडे कुठे पेटी होती? जात्याची घरघर हाच त्यांचा ठेका. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 1990च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या मदतीनं त्यांतल्या कित्येक टेपवरही उतरवल्या गेल्या. मला गंमत याची वाटते की त्या टेप सुरुवातीला ठेवल्या होत्या इथे आपल्या शेजारी, गुरुग्रामच्या संगीत-संग्रहालयात. ती संस्था 1982मध्ये पुण्यात सुरू झाली आणि नंतर दिल्लीकडे आली. त्या टेप म्हणजे एका अर्थी डेमोच. एक गळा, एक ठेका आणि शब्द. बाकी काही नाही, आणि काही कमी आहे असंही वाटत नाही.

माझी आजी 81 वर्षांची आहे. रविवारच्या फोनवर मी तिला एक ओवी म्हणायला सांगितली. ती म्हणाली, ‘‘अशी खुर्चीत बसून कशी आठवंल रं बाळा?’’ मग तिनं जात्याचा खुंटा धरल्यासारखा हात गोल फिरवायला सुरुवात केली आणि ओव्या एकामागून एक येत गेल्या. आईनं दुसऱ्या मोबाइलवर त्या घेतल्या, बारा मिनिटं. घरातलं जातं केव्हाच गेलं. त्या ओव्या आमच्या घरात आता आजीशिवाय कोणालाच येत नाहीत. म्हणून हाउसच्या गाण्याआधी मी सर्वांना तेच सांगेन: घरी असं कोणी असेल तर पहिलं रेकॉर्डिंग त्यांचं करा, आणि त्यांचे हात मोकळे ठेवा.

आता सा. तानपुऱ्याचं ॲप असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर जुन्या ट्यूबलाइटच्या चोकखाली उभे राहा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्‌झची, त्यामुळे चोक 100 हर्ट्‌झवर गुणगुणतो. तो सूर खालच्या पांढरी पाचच्या किंचित वर येतो. त्याला मंद्र पंचम धरलं की सा पांढरी एकच्या आसपास मिळतो. फुकटचा तानपुरा! तो रेकॉर्डिंगमध्येही ऐकू येतो, येऊ दे.

चालीचा पल्ला मात्र जपून ठेवावा लागतो. सहावीच्या मुलांचा आवाज अजून फुटलेला नाही, आमचा फुटतो आहे, बारावीवाल्यांचा फुटून झाला आहे. सगळ्यांनी मिळून म्हणायचं असेल तर सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर एका सप्तकात बसले पाहिजेत.

मध्ये बिगुल हवा असेल तर तोंडानं म्हणून दाखवा, पण त्याच्या मर्यादेत. बिगुलला कळा नसतात. ओठांच्या ताणावर त्यातून मोजकेच सूर निघतात आणि कॉल साधारण सा, ग आणि प एवढ्यांतच असतात. तिथे रे किंवा म गायलात तर वाजवणारा काय करेल?

जागा म्हणून मला ट्रंकरूम आवडली. डॉर्मिटरीत पंखा असतो आणि वरून सारखी विमानं जातात. ट्रंकरूममध्ये रजया रचलेल्या असतात, त्या आवाज घुमू देत नाहीत. मोबाइल तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा बाजूला धरा, म्हणजे प, फ, भ म्हणताना हवेचा फटका माइकवर बसत नाही. ट्रंक वाजवणाऱ्याला चार पावलं मागे उभं करा. सुरुवातीला तारीख, गाण्याचं नाव आणि वेग बोलून घ्या. मग आठ पावलं नुसता ठेका, मग गाणं. शेवटचा शब्द संपला की लगेच बटण दाबू नका. आणखी आठ पावलं ठेका चालू द्या, बँडमास्तर सरांना शेवट कुठे बसवायचा ते त्यातूनच कळतं.