नर्सिंगचे शिक्षण आणि परदेशातील नोकरी : पात्रता कशी मिळते, पैसे कोणाला द्यायचे?

जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेली मुलगी आज आपल्या जवळजवळ प्रत्येक वस्तीत आहे. आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून शिकवलेल्या या मुली खासगी रुग्णालयात बारा-बारा तास उभ्या राहतात आणि पगार मात्र घरभाडे व कर्जाच्या हप्त्यातच संपतो. अशा घरात ‘परदेशात नर्सला महिना लाखोंचा पगार’ ही जाहिरात पोहोचली की सगळे घर हलते. आम्ही वस्त्यांतून आरोग्याचे काम करणाऱ्या नर्सेस आहोत. रक्तदाब तपासून घ्यायला येणाऱ्या आया आता आम्हाला हेही विचारतात, “ताई, एजंट पाच लाख मागतोय. दागिने मोडून देऊ का?”

आमचे उत्तर सरळ आहे. परदेशात जाण्याचा मार्ग खरा आहे आणि आपल्या मुलींनी तो जरूर धरावा. पण नर्स म्हणून काम करण्याची पात्रता विकत मिळत नाही. ती परीक्षा देऊन आणि कागदपत्रे तपासून मिळते. हा मार्ग एकट्या मुलीला नव्हे, घरातल्या सगळ्यांना समजला पाहिजे, कारण पैसे सगळ्या घराचे जातात.

पात्रता म्हणजे काय?

आपल्याकडे नर्सला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी लागते. तशीच प्रत्येक देशाची स्वतःची परिषद किंवा खाते असते. आपला डिप्लोमा तिथे आपोआप चालत नाही. ती परिषद तीन गोष्टी पाहते : शिक्षण व नोंदणी खरी आहे का, त्या देशाची भाषा येते का, आणि कामाचे ज्ञान पुरेसे आहे का.

पहिली गोष्ट नीट समजून घ्या. शिक्षण आणि नोंदणी खरी आहे का, हे परदेशातील परिषद किंवा तिने नेमलेली संस्था थेट मूळ ठिकाणी विचारते. कॉलेजला, आपल्या परिषदेला, जिथे नोकरी केली त्या रुग्णालयाला. म्हणून एजंटच्या हातात मूळ प्रमाणपत्रे देण्याची गरजच पडत नाही. आणि खोटा अनुभवाचा दाखला जोडला तर तो इथेच पकडला जातो. त्या फसवणुकीची नोंद मुलीच्या नावावर होते, एजंटच्या नाही.

एएनएम झालेल्या मुलींसाठी एक स्पष्ट गोष्ट. बहुतेक देशांत नोंदणीकृत नर्स म्हणून जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंगच धरले जाते. ‘एएनएमवर नर्सची नोकरी’ असे कोणी सांगितले तर तिथेच थांबा.

आधी घरातली फाईल पूर्ण करा

१. नाव. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे आडनाव, परिषदेच्या नोंदणीवर सासरचे आणि पासपोर्टवर तिसरेच स्पेलिंग, असे आम्ही कितीतरी फायलींत पाहतो. आपल्याकडे काही कुटुंबांनी आडनावेही बदलली आहेत. त्यात गैर काही नाही, पण प्रत्येक बदलाचा कागद हवा : विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदल.

२. नोंदणी. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी चालू असली पाहिजे. तिचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. परदेशातील परिषदेकडे नोंदणीची पडताळणी आपल्या परिषदेमार्फतच जाते.

३. अनुभव. छोट्या रुग्णालयात नेमणूकपत्र मागायला मुली कचरतात. मागा. पगार बँकेत घ्या. नोकरी सोडताना तारखांसह अनुभवाचे पत्र घ्या. चार वर्षे खरे काम केले आणि कागद एकही नाही, तर ते काम पडताळणीत मोजले जात नाही.

ब्रिटनचे उदाहरण

एक देश टप्प्याटप्प्याने पाहिला की बाकीचे समजायला सोपे जातात. ब्रिटनमध्ये नर्सेसची नोंदणी नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल करते.

पहिला टप्पा इंग्रजीचा. आयईएलटीएस अकॅडमिक परीक्षेत वाचन, श्रवण आणि संभाषणात ७ व लेखनात ६.५ गुण लागतात. किंवा ओईटी परीक्षेत वाचन, श्रवण, संभाषणात ‘बी’ आणि लेखनात ‘सी प्लस’ श्रेणी. ओईटी खास आरोग्यसेवकांसाठी आहे. तिच्यात रुग्णाबद्दलचे पत्र लिहायचे असते आणि रुग्णाशी बोलल्याप्रमाणे संभाषण करायचे असते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना वॉर्डातले विषय ओळखीचे असल्याने ती अनेकदा जवळची वाटते. बहुतेक मुली अडतात त्या इथेच, म्हणून पैसा आणि वेळ आधी इंग्रजीवर घाला. एजंटवर नंतर.

दुसरा टप्पा संगणकावरील परीक्षेचा, म्हणजे सीबीटी. ती भारतातच देता येते. एका भागात औषधाच्या मात्रेची, सलाइनच्या थेंबांची गणिते आणि दुसऱ्या भागात नर्सिंगचे प्रश्न असतात. फी ८३ पौंड.

तिसरा टप्पा प्रात्यक्षिक परीक्षेचा. तिला ऑस्की म्हणतात. ती ब्रिटनमध्ये जाऊनच द्यावी लागते. दहा ठिकाणी दहा कामे करून दाखवायची : रुग्णाची तपासणी, शुश्रूषेचा आराखडा, औषध देणे, नोंद लिहिणे वगैरे. फी ७९४ पौंड. सरकारी आरोग्यसेवेतील, म्हणजे एनएचएसमधील रुग्णालये हा खर्च बहुधा स्वतः उचलतात. नोकरीवर रुजू झाल्यावर १२ आठवड्यांच्या आत पहिल्यांदा ही परीक्षा द्यावी लागते. ती पास होईपर्यंत कमी वेतनश्रेणीत काम असते. पास होऊन नोंदणी झाली की नर्सची वेतनश्रेणी मिळते.

म्हणजे ‘आम्ही नोंदणी करून देतो’ असे म्हणणारा एजंट या तीन टप्प्यांतला कोणता टप्पा करून देणार? एकही नाही. परीक्षा मुलीलाच द्यायची आहे. आणि ब्रिटनच्या आरोग्यसेवेतील भरतीच्या आचारसंहितेप्रमाणे नोकरी मिळवून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेणे चुकीचे आहे. भरतीचा खर्च नोकरी देणाऱ्याने करायचा असतो.

आणखी एक सावधगिरी. ‘केअर वर्कर’ म्हणून ब्रिटनला पाठवतो, असे सांगून पुष्कळ मुलींकडून पैसे घेतले गेले. हे काम वृद्धांची देखभाल करण्याचे आहे, नर्सचे नाही. आणि २२ जुलै २०२५ पासून या कामासाठी बाहेरच्या देशातून नवीन भरतीच बंद झाली आहे. आजही कोणी हा व्हिसा विकत असेल, तर तो तुम्हाला फसवतो आहे.

आखाती देश, जर्मनी, अमेरिका

आखाती देशांत बहुतेक ठिकाणी ‘डेटाफ्लो’ नावाची संस्था कागदपत्रांची मूळ ठिकाणी पडताळणी करते. मग त्या देशाच्या आरोग्य खात्याची संगणकावरील परीक्षा असते, ती भारतात देता येते. साधारणपणे एक-दोन वर्षांचा अनुभव मागतात. दुबई, अबूधाबी, सौदी अरेबिया यांची खाती वेगवेगळी आहेत. एका ठिकाणचा परवाना दुसरीकडे तसाच चालेल असे धरू नका.

जर्मनीत इंग्रजी चालत नाही. जर्मन भाषेची ‘बी-टू’ पातळी लागते. शून्यापासून तिथवर जायला एक वर्ष किंवा जास्त लागते. नंतर तिथले खाते आपला अभ्यासक्रम त्यांच्याशी ताडून पाहते आणि जे कमी असेल त्यासाठी काही महिन्यांचे प्रशिक्षण किंवा एक परीक्षा सांगते. ती मान्यता मिळेपर्यंत सहायक म्हणून काम असते. महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी २०२४ मध्ये कुशल कामगार पाठवण्याचा करार केला आहे. शासनाची अशी योजना असल्यास आधी तिथे चौकशी करा.

अमेरिकेसाठी एनसीएलईएक्स-आरएन ही परीक्षा आहे. तीही भारतात देता येते. पण परीक्षा पास झाल्यावरही व्हिसासाठी अनेक वर्षे थांबावे लागू शकते. घराचा हिशेब मांडताना हे लक्षात ठेवा.

पैसे कोणाला आणि किती?

२०१५ मध्ये सीबीआयने केरळमधील एक प्रकरण उघडकीस आणले. कुवेतला जाणाऱ्या नर्सेसकडून नियमाप्रमाणे १९,५०० रुपये घ्यायचे असताना एका एजन्सीने सुमारे साडेएकोणीस लाख रुपये घेतल्याचा आरोप होता. नियमाच्या शंभर पट! या मुलीही शिकलेल्याच होत्या. नियम माहीत नसला की शिक्षणही वाचवत नाही.

आजचा नियम असा. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परदेशी भरती करणाऱ्या एजंटला केंद्र सरकारची नोंदणी लागते. तो सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेऊ शकतो. एकूण ३५,४०० रुपये. पावती द्यावीच लागते. एजंटची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर मोबाइलवरही पाहता येते.

आखातातील देशांसह १८ देशांत नर्स म्हणून नोकरीला जाताना, पासपोर्ट कोणत्याही प्रकारचा असला तरी, याच प्रणालीतून सरकारी परवानगी घ्यावी लागते. हा नियम २०१५ पासून आहे. ‘आत्ता भेटीच्या व्हिसावर जा, तिथे गेल्यावर कामाचा करून देतो’ असे सांगणारा माणूस तुमच्या मुलीला कायद्याच्या संरक्षणाबाहेर नेतो आहे. पगार बुडाला किंवा पासपोर्ट काढून घेतला, तर तिच्या हातात करारच नसतो.

परीक्षेची, पडताळणीची फी मुलीने स्वतःच्या नावाने थेट त्या संस्थेला भरावी. खात्याचा पासवर्ड आणि ईमेल तिचाच असावा.

शासनाच्या शिष्यवृत्तीबद्दलही आया विचारतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर व पीएच.डी. शिक्षणासाठी आहे. नोकरीच्या परीक्षेसाठी किंवा एजंटच्या फीसाठी ती मिळत नाही.

शरीराचीही तयारी

हे आरोग्याचे पान आहे, म्हणून हे विसरून चालणार नाही. ब्रिटनच्या व्हिसासाठी क्षयरोगाची तपासणी असते. आखाती देशांची वैद्यकीय तपासणी जास्त कडक असते. तिथे छातीच्या एक्स-रेमध्ये जुन्या, बऱ्या झालेल्या क्षयाचा डाग दिसला तरी अपात्र ठरवले जाऊ शकते. आपल्या दाट वस्त्यांत आणि वॉर्डात काम करणाऱ्या नर्सेसमध्ये क्षय कमी नाही. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण कर्ज काढण्याआधी एक एक्स-रे काढून घ्या. क्षयाचे उपचार घेतले असतील तर ते कागद जपून ठेवा.

कावीळ-बीची लस घेतली नसेल तर आजच सुरू करा. तिचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात. ती परदेशासाठीच नव्हे, इथल्या वॉर्डात सुई टोचण्याच्या धोक्यासाठीही हवी.

एजंटला विचारायचे प्रश्न

मुलीने एकटीने जाऊ नये. घरातले कोणीतरी सोबत न्यावे आणि उत्तरे वहीत लिहून घ्यावीत.

• तुमचा सरकारी नोंदणी क्रमांक काय? (घरी येऊन ई-मायग्रेटवर तपासा.)

• कोणत्या रुग्णालयात, कोणत्या पदावर, किती पगारावर? ते लेखी द्याल का?

• तिथली नोंदणी आधी की नोकरी आधी? नोंदणी मिळेपर्यंत पगार किती?

• नोकरी लवकर सोडली तर किती पैसे परत द्यावे लागतील? हे कलम करारात कुठे आहे?

• कोणत्या पैशाची पावती मिळेल?

मूळ प्रमाणपत्रे आणि पासपोर्ट त्याच्याकडे ठेवायला सांगितले, तर उठून या. करार इंग्रजीत असतो, म्हणून सही करण्याआधी एक रात्र तो घरी आणा. वस्तीतल्या एखाद्या वकिलाकडून, शिक्षकाकडून किंवा विहारात अभ्यासाला बसणाऱ्या मुलांकडून ओळ न् ओळ वाचून घ्या. फसवणूक झाली असेल तर गप्प बसू नका. परराष्ट्र मंत्रालयाच्या १८०० ११ ३०९० या मोफत क्रमांकावर तक्रार करता येते आणि पोलीस ठाण्यातही गुन्हा नोंदवता येतो.

या वर्षी ज्यांच्या घरात मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यांनी या महिन्यात दोनच कामे करावीत : सगळ्या कागदांवरचे नाव जुळते का ते पाहावे आणि तिच्या इंग्रजीच्या अभ्यासाला रोज एक तास मोकळा करून द्यावा. त्या तासात तिला पाणी भरायला, भाकऱ्या थापायला उठवू नका.