जुन्या पिकअप गाडीचें स्टेअरिंग भरकटत असल्यास दोष कोठें शोधावा

मुरबाड व शहापूर तालुक्यांतील बागायतदारांची भेंडी, काकडी व पालेभाजी कल्याणच्या बाजार समितींत किंवा शिळफाट्यावरून वाशीस जाते, ती बहुधा पिकअप गाडींतून. यांतील पुष्कळ गाड्या दहा-पंधरा वर्षें राबलेल्या असतात. अशा गाडीविषयीं एक तक्रार वारंवार ऐकूं येते. स्टेअरिंग सरळ धरलें तरी गाडी कधीं डावीकडे, कधीं उजवीकडे भरकटते व चालकास तिला सारखें सांवरीत राहावें लागतें. रायत्याच्या पुलावर समोरून मालमोटार येत असतां, किंवा पहाटेच्या अंधारांत माळशेज घाट उतरतांना, हा दोष जीवावर बेतणारा ठरूं शकतो.

प्रथम रोग नीट ओळखावा. गाडी नेहमीं एकाच अंगास ओढत असेल, तर त्या बाजूच्या टायरांतील हवा किंवा चिकटलेला ब्रेक पाहावा. ठराविक वेगास चाक थरथरत असेल, तर तो निराळा विकार होय. दोन्हीकडे आळीपाळीनें जाणें यालाच आम्ही भरकटणें म्हणतों.

अशी गाडी गॅरेजांत नेली म्हणजे पुष्कळदां एकच उपाय होतो. मिस्त्री स्टेअरिंग बॉक्सवरील स्क्रू आवळतो, ढिलाई कमी झालीसें वाटतें, आणि चालक समाधानानें परततो. आमचा जन्म महसुली दप्तरांत गेला. आमच्या दृष्टीनें हें पंचनाम्यावांचून आरोपी ठरविण्यासारखें आहे. बॉक्सचे दांते मुळांतच मध्यभागीं, म्हणजे चाकें सरळ असतां, सर्वांत घट्ट बसतील असे केलेले असतात. स्क्रू फाजील आवळला कीं ते तेथेंच अडकतात. मग वळणानंतर चाकें आपोआप सरळ होत नाहींत, चालक गरजेपेक्षां जास्त फिरवितो व गाडी पूर्वीहून अधिक भरकटते. म्हणून तपास जमिनीपासून वर करीत न्यावा व बॉक्सची पाळी शेवटीं यावी.

आरंभ टायरांपासून करावा. हवा गाडी थंड असतां, कंपनीनें सांगितलेल्या मापानें भरावी. पुढच्या एका चाकास रेडियल व दुसऱ्यास नायलॉन टायर, असा संसार कित्येक गाड्यांवर दिसतो. तो प्रथम मोडावा. टायरच्या पृष्ठभागावरून तळहात आडवा फिरवावा. एका दिशेनें गुळगुळीत व उलट दिशेनें करवतीसारखें लागलें, तर पुढच्या चाकांची दिशा बिघडली आहे असें समजावें. दोन्ही चाकांमधील अंतर आसाच्या उंचीवर पुढून व मागून टेपानें मोजावें. सामान्यतः पुढचें अंतर किंचित् कमी असतें. तें मागच्यापेक्षां जास्त भरल्यास गाडी सरळ राहण्यास नाराज असते.

नंतर ओझें पाहावें. रिकामी गाडी सरळ व भरलेली मात्र भरकटत असेल, तर क्रेट कोठें रचले याचा विचार करावा. मागील आसाच्याही मागें रचलेला माल तरफेप्रमाणें पुढची बाजू उचलतो. पुढचीं चाकें हलकीं पडलीं कीं त्यांची जमिनीवरील पकड जाते.

आतां मुख्य परीक्षा. हिला दोन माणसें लागतात, हत्यार एकही लागत नाहीं. गाडी सपाट जागीं, चाकें जमिनीवर ठेवून उभी करावी. जॅक लावूं नये, कारण जमिनीचा अडथळा असल्यावांचून ढिलाई दिसत नाहीं. पॉवर स्टेअरिंग असल्यास गिअर न्यूट्रलमध्यें टाकून, हँडब्रेक ओढून व मागच्या चाकांस दगड लावून इंजिन चालूं ठेवावें. एकानें स्टेअरिंग थोडेंथोडें डावेंउजवें हालवीत राहावें. दुसऱ्यानें बाजूस बसून बॉक्सपासून चाकापर्यंत एकएक सांधा बोटांनीं चांचपावा. सांध्याची एक बाजू हालते व दुसरी उशीरां हालते, तेथें चोर सांपडला. बहुधा तो टाय रॉडच्या टोकाशीं असतो. आमच्याकडे पावसाळ्यांत गाडी खाचरांतील चिखलापाण्यांतून जाते. सांध्यावरील रबरी टोपी फाटली कीं तेथें ग्रीसऐवजीं गाळ भरतो. बॉक्सच हालत असेल तर त्याचे बोल्ट व त्याभोंवतालच्या चेसिसला तडा गेला आहे काय, हें पाहावें.

यानंतर पुढचें चाक उचलून खालीं भक्कम आधार द्यावा. टायर वर व खालीं धरून हालवावा. ढिलाई आढळल्यास दुसऱ्याला ब्रेक दाबावयास सांगावें. ढिलाई नाहींशी झाली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. राहिली तर किंगपिनचा किंवा बॉल जॉइंटचा. चाकें अशा स्वतंत्र खिळींवर वळविण्याची युक्ति म्युनिकच्या लांकेनश्पेर्गर नांवाच्या गाडी-कारागिरानें काढली व १८१८ सालीं आकरमान यानें तिचें पेटंट इंग्लंडांत घेतलें. ती घोडागाडीसाठीं होती, हें आमच्या बैलगाडीवाल्या बंधूंस सांगावेंसें वाटतें.

पाट्यांकडे सहसा कोणी पाहात नाहीं. यू-बोल्ट ढिले असले किंवा पाट्यांचा मधला बोल्ट तुटला असला, तर मागचा आस तिरपा सरकतो व मागचीं चाकेंच गाडी वळवूं लागतात. आसापासून पाट्याच्या पुढच्या कानापर्यंतचें अंतर दोन्ही बाजूंस मोजावें. तें सारखें भरलें पाहिजे. कांहीं गाड्यांत पुढच्या आसावर पाट्याखालीं एक पाचर असते. सायकलच्या कलत्या चिमट्यामुळें चाक जसें सरळ राहूं पाहतें, तसा कल ही पाचर आसास देते. पाटे बदलतांना ती उलटी बसली किंवा गहाळ झाली, तर इतर सर्व सांधे नवे असूनही गाडी भरकटते.

येथपर्यंत कांहीं न सांपडल्यासच बॉक्सकडे वळावें. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ प्रमाणें स्टेअरिंगची ढिलाई तीस अंशांहून अधिक असतां कामा नये; चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या चक्राच्या कडेवर हें अंतर सुमारें दहा सेंटिमीटर होतें. ही कमाल मर्यादा आहे. तिच्या निम्म्यावरच तपास सुरू करावा. सांध्यांवर रबरी टोप्या असाव्या, हेंही त्याच नियमांत आहे. आठ वर्षांवरील मालगाडीस योग्यतेचा दाखला दरवर्षीं घ्यावा लागतो, तेव्हां हें सर्व त्यापूर्वींच पाहून ठेवणें सोयीचें.

सांधे, बुश किंवा बेअरिंग बदलल्यानंतरच चाकांची दिशा जुळवून घ्यावी. आधीं जुळविल्यास तो पैसा वायां जातो. टाय रॉडच्या नटांतील दुभंगी पिन जुनी पुन्हां वांकवून घालूं देऊं नये. काय बदललें, कोणत्या तारखेस व किती किलोमीटरवर, हें वहींत टिपावें आणि मग तोच रस्ता प्रथम रिकाम्या व नंतर भरलेल्या गाडीनें चालून पाहावा.