‘परत जा’ : सूरह नूरची शिकवण आणि साथीच्या काळातील भेटीगाठी

दिव्य कुरआनच्या सूरह नूरमध्ये सामाजिक सदाचाराचे जे नियम अल्लाह तआलाने घालून दिले आहेत, त्यांत दुसऱ्याच्या घरी जाण्याच्या शिष्टाचाराला विशेष स्थान आहे. या सूरहच्या २७ व्या आणि २८ व्या आयतींत श्रद्धावंतांना उद्देशून जे फर्मावले आहे त्याचा आशय असा : आपल्या घराखेरीज अन्य कोणत्याही घरात, घरच्यांची संमती घेतल्याविना व त्यांना सलाम केल्याविना प्रवेश करू नये, घरात कोणी नसेल तर परवानगी मिळेपर्यंत आत जाऊ नये, आणि ‘परत जा’ असे सांगितले गेले तर परत फिरावे. असे परत फिरणे तुमच्यासाठी अधिक पवित्र आहे, आणि तुम्ही जे काही करता ते अल्लाह जाणतो, असे सांगून ही आज्ञा पूर्ण होते.

एरव्ही या आयतींचे पठण करताना ‘परत जा’ या शब्दांपाशी आपण क्वचितच थांबतो. आपल्या समाजात दारी आलेल्याला परत पाठवण्याची रीत नाही. पाहुणा आला की चहा-सरबत आलेच, जेवणाची वेळ असेल तर दस्तरखान अंथरले जाणारच. परंतु पहिल्या रोज्याच्याच दिवशी, १४ एप्रिल २०२१ च्या रात्री आठ वाजल्यापासून, महाराष्ट्रात ‘ब्रेक द चेन’चे कडक निर्बंध लागू झाले. विवाहाला पंचवीस माणसे, अंत्यविधीला वीस माणसे, आणि विनाकारण घराबाहेर पडण्यास मनाई, असे ते निर्बंध होते. लागोपाठ दुसऱ्या वर्षी रमजानमध्ये इफ्तारची निमंत्रणे थांबली होती आणि ईद जवळ येत होती. अशा वेळी राज्यातील प्रत्येक घराच्या दारावर जणू हेच दोन शब्द लिहिलेले होते : परत जा. ते वाचून आपण कसे वागतो, हा तेव्हा प्रत्येक मुस्लिम कुटुंबापुढील प्रश्न होता.

भेट हा हक्क नव्हे, संमती आहे

या आयतींतून पहिली गोष्ट स्पष्ट होते ती ही की, दुसऱ्याच्या घरात प्रवेश करणे हा कोणाचाही उपजत हक्क नाही. आपण भाऊ असू, मामा असू, सासरे असू किंवा जिवलग स्नेही असू. दार त्या घराचे आहे आणि ते उघडण्याचा अधिकार घरच्यांचा आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवले आहे की परवानगी तीनदा मागावी आणि ती न मिळाल्यास परत फिरावे. हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) हे हजरत उमर (रजि.) यांच्या दारी गेले, तीनदा परवानगी मागितली, उत्तर आले नाही, आणि ते शांतपणे परतले. पुढे हजरत उमर (रजि.) यांनी विचारणा केली तेव्हा त्यांनी हीच शिकवण सांगितली, आणि हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांनी तिची साक्ष दिली.

याहून हृदयस्पर्शी घटना स्वतः प्रेषितांच्या (स.) जीवनातील आहे. एकदा ते हजरत सअद बिन उबादा (रजि.) यांच्या घरी गेले व त्यांनी सलाम केला. प्रेषितांच्या मुखातून आपल्यासाठी अधिकाधिक शांतीची प्रार्थना निघावी या ओढीने सअद (रजि.) यांनी अगदी हळू आवाजात उत्तर दिले, जे बाहेर ऐकू गेले नाही. तिसऱ्या सलामनंतर प्रेषित (स.) परत फिरले. त्यांनी दार ठोठावत राहण्याचा आग्रह धरला नाही, की रोष मानला नाही. सअद (रजि.) मागून धावले आणि त्यांनी प्रेषितांना सन्मानाने घरी आणले. ज्यांच्या आगमनाने घर उजळत असे, ते अल्लाहचे प्रेषित (स.) जर उत्तर न आल्याने परत फिरू शकतात, तर आपला मानापमान तो कितीसा?

पूर्वीच्या भाष्यकारांनी मुहाजिरांपैकी एका सहाबींची खंत नोंदवली आहे. कोणी तरी आपल्याला ‘परत जा’ म्हणावे आणि आपण आनंदाने परतून या आयतीवर आचरण करावे, अशी त्यांची जन्मभराची इच्छा होती. पण तशी संधी त्यांना मिळाली नाही. त्यांनी आयुष्यभर जिची वाट पाहिली ती संधी साथीच्या काळात आपल्यापुढे रोज उभी होती. ‘सध्या येऊ नका, आई वयस्कर आहे’ असे चुलतभावाने फोनवर सांगितले की आपल्याला राग येतो, आणि महिनोन्‌महिने अबोला धरला जातो. वास्तविक अशा वेळी त्याचे आभार मानावयास हवेत. कारण त्याने आपल्या आईचे रक्षण केले आणि आपल्याला एका कुरआनी आज्ञेच्या पालनाची संधी दिली. त्याचप्रमाणे यजमानानेही भिडेखातर दार उघडू नये. सौजन्याने दिलेला नकार हाही या आयतीने मान्य केलेला अधिकार आहे.

साथीच्या काळात प्रेषितांची रीत

संसर्गाच्या भीतीने माणसांना दूर ठेवणे हे इस्लामी बंधुभावाला शोभत नाही, असे काहींना वाटते. हदीसचा अभ्यास याच्या उलट सांगतो. सकीफ कबिल्याच्या शिष्टमंडळात एक कुष्ठरोगी होता. त्याची निष्ठेची शपथ प्रेषितांनी (स.) दुरूनच स्वीकारली आणि आता त्याने परत जावे, असा निरोप पाठवला. येथेही तेच शब्द आहेत! परंतु निरोपात तिरस्कार नाही. त्याची शपथ पूर्ण मानली गेली. देह दूर राहिला तरी नाते जोडले गेले.

आजारी उंटांच्या मालकाने ते निरोगी उंटांच्या कळपात आणू नयेत, हीही प्रेषितांचीच (स.) शिकवण आहे. ज्या प्रदेशात प्लेग पसरला असेल तेथे जाऊ नये आणि आपण असू तेथे तो पसरला तर तेथून पळून बाहेर पडू नये, हा आदेश बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. साथीच्या काळात संयमाने व अल्लाहवर विश्वास ठेवून आपल्या ठिकाणी थांबणाऱ्यास शहीदाइतका मोबदला असल्याची शुभवार्ता हजरत आयशा (रजि.) यांनी कथन केलेल्या हदीसमध्ये आहे. म्हणजे घरी थांबणे ही केवळ नाइलाजाची कैद नव्हे. योग्य हेतूने केल्यास ती उपासना ठरते.

त्या निर्बंधांमागील कारणही समजून घेतले पाहिजे. एका घरातील माणसे एकमेकांच्या सहवासात असतातच. त्यांची हवा, भांडी, दस्तरखान एकच असते. दोन घरे एका खोलीत एकत्र आली, मास्क उतरवून जेवायला बसली, की दोन्ही घरांचे सर्व संपर्क एकमेकांना जोडले जातात. हा विषाणू लक्षणे दिसू लागण्यापूर्वीही एकाकडून दुसऱ्याकडे जातो. त्यामुळे ‘मला तर काही झालेले नाही’ हे म्हणणे कितीही प्रामाणिक असले तरी ते पुरेसे प्रमाण नाही.

काही शंकांचे निरसन

पहिली शंका तकदीरविषयीची असते : मृत्यू ठरलेल्या वेळीच येणार, मग भेटायला का भ्यावे? हा प्रश्न हजरत उमर (रजि.) यांच्यापुढेही आला होता. सीरियाकडे जाताना सर्ग येथे त्यांना तिकडे प्लेग पसरल्याची बातमी मिळाली. त्यांनी मुहाजिर, अन्सार आणि कुरैशमधील ज्येष्ठ यांच्याशी क्रमाने सल्लामसलत केली आणि परतण्याचा निर्णय घेतला. अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, तेव्हा आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, असे उत्तर त्यांनी दिले. दरीची एक बाजू हिरवीगार आणि दुसरी उजाड असेल, तर उंट कोठेही चारले तरी ते तकदीरनुसारच असते. तरीही शहाणा माणूस हिरवी बाजू निवडतो, हे त्यांनी उदाहरणाने समजावले. त्यानंतर हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी प्लेगसंबंधीचा प्रेषितांचा (स.) आदेश ऐकवला आणि निर्णयावर शिक्कामोर्तब झाले. खबरदारी हीदेखील तकदीरचाच भाग आहे.

दुसरी शंका : हा तर सरकारचा नियम आहे, शरीअतचा नव्हे. परंतु प्राणांचे रक्षण हे शरीअतच्या मूलभूत उद्दिष्टांपैकी एक आहे. एक जीव वाचवणे हे सर्व मानवजातीला वाचवण्यासारखे आहे, ही सूरह माइदाची (आयत ३२) शिकवण आहे, आणि कोणी कोणाला अपाय करू नये, हे हदीसमधील सुप्रसिद्ध तत्त्व आहे. शिवाय नागरिक या नात्याने आपण ज्या व्यवस्थेत राहतो तिच्याशी आपला करार असतो, आणि करार पाळण्याची आज्ञा सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे. जो नियम पापाची सक्ती करीत नाही, उलट प्राणरक्षण साधतो, त्याचे पालन करण्यात श्रद्धावंताला संकोच नसावा.

तिसरी शंका अधिक बोचरी आहे : इतरांच्या सभा झाल्या, मेळे भरले, मग आपणच का थांबायचे? २०२० मध्ये साथीच्या प्रसाराचा ठपका आपल्या समाजावर ठेवला गेला, त्याची वेदना खरी आहे. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगी जमातच्या परदेशी सदस्यांवरील गुन्हे रद्द केले, हेही खरे आहे. परंतु कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हा कुरआनचा नियम दोन्ही बाजूंनी लागू होतो. इतरांच्या बेपर्वाईमुळे आपली जबाबदारी माफ होत नाही. आणि विषाणू घरात शिरला की त्याची झळ प्रथम आपल्याच वडिलांना, आपल्याच आजीला बसते.

पाहणारा कोणी नसताना

सर्वांत मोठी कसोटी येथेच आहे. दुकान उघडे आहे की बंद, हे पोलिसाला दिसते. पण मागच्या दाराने चार घरची माणसे इफ्तारला जमली, तर ते कोणाला दिसणार? इमाम मालिक (रह.) यांच्या ‘मुवत्ता’मध्ये एक प्रसंग आहे. काबागृहाची परिक्रमा करणाऱ्या एका कुष्ठरोगी स्त्रीला हजरत उमर (रजि.) यांनी लोकांना त्रास होऊ नये म्हणून घरी थांबण्याची सूचना केली. ती घरी बसली. पुढे उमर (रजि.) यांचे निधन झाले. कोणी तरी तिला सांगितले की मनाई करणारा आता राहिला नाही, तू बाहेर पडू शकतेस. त्यावर तिचे उत्तर होते की, त्यांच्या हयातीत त्यांची आज्ञा मानायची आणि मृत्यूनंतर ती मोडायची, असे आपण करणार नाही. तिला अडवणारा कोणी उरला नव्हता आणि ओढ होती ती काबागृहाची. तरीही ती थांबली. सूरह नूरच्या त्या आयतीचा शेवट, की तुम्ही जे करता ते अल्लाह जाणतो, तिने जगून दाखवला.

रोजाही हेच शिकवतो. बंद खोलीत घोटभर पाणी प्यायले तर कोणाला कळणार? तरीही रोजेदार पीत नाही. जो संयम आपण पाण्याच्या बाबतीत पाळतो, तोच दाराच्या बाबतीत पाळणे आपल्याला कठीण जाऊ नये.

भेट थांबावी, नाते थांबू नये

निर्बंधांच्या आडून नाती विसरणे हाही दोषच आहे. सिला-रहमी, म्हणजे नातेवाइकांशी संबंध जोडून ठेवणे, हे कर्तव्य साथीच्या काळातही कायम असते. केवळ त्याची रीत बदलते. पुढील गोष्टी प्रत्येक कुटुंबाला करता येतील :

१. ईदच्या दिवशी ज्या घरी आपण जाणार होतो त्या प्रत्येक घरी फोन करावा. ज्यांच्याशी अबोला आहे त्यांच्यापासून सुरुवात करावी. बरोबरीची परतफेड करणारा नव्हे, तर तुटलेले नाते जोडणारा तोच खरा नाते राखणारा, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे.

२. रस्सा शिजवताना पाणी थोडे वाढवून शेजाऱ्याचा वाटा काढावा, असे प्रेषितांनी (स.) हजरत अबू जर (रजि.) यांना सांगितले होते. शिरखुर्म्याचा डबा दाराशी ठेवून, सलाम करून परतता येते.

३. हजरत जाफर (रजि.) शहीद झाले तेव्हा त्यांच्या घरच्यांसाठी जेवण तयार करण्यास प्रेषितांनी (स.) सांगितले. ज्या घरी मय्यत झाली आहे तेथे गर्दी करण्यापेक्षा आळीपाळीने डबे पोहोचवणे आणि विधवेच्या, अनाथांच्या खर्चाची चौकशी करणे, हीच उत्तम ताजियत होय.

४. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना आणि विलगीकरणातील कुटुंबांना वाऱ्यावर सोडू नये. औषध, किराणा, रुग्णालयात नेण्याची सोय यांसाठी घरातील एका सुदृढ व्यक्तीने जबाबदारी घ्यावी व पूर्ण खबरदारीने ती पार पाडावी. निर्बंध गप्पांच्या बैठकीला होते, सेवेला नव्हते.

५. मुलांना खोटे कारण सांगू नये. ‘आजोबांवर आपले प्रेम आहे म्हणून यंदा आपण त्यांच्याकडे जात नाही,’ हे वाक्य मुलांना नीट समजते.

२०२० मध्ये हजसाठीही केवळ सौदी अरेबियात राहणाऱ्या मोजक्याच लोकांना परवानगी मिळाली. लाखो लोक आपल्या घरीच थांबले आणि त्यांनी ‘परत जा’ हे शब्द सबुरीने स्वीकारले. अल्लाहच्या घराच्या बाबतीत जे आपण मान्य केले, ते भावाच्या घराच्या बाबतीत मान्य करणे अवघड का वाटावे?

साथीच्या काळात ईदला आपण कोणाच्या दारी गेलो नाही, म्हणून आपली ईद अपुरी राहत नाही. ज्याच्या आज्ञेने आपण रोजे ठेवतो, त्याच्याच आज्ञेचा मान राखून आपण घरी थांबतो.

अल्लाह तआला आजाऱ्यांना आरोग्य, मृतांना क्षमा आणि त्यांच्या आप्तांना धीर देवो. साथीत बंद होणारी दारे तो पुन्हा आनंदाने उघडो, आणि ती उघडतील तेव्हा आत आपली सर्व माणसे सुखरूप असोत. आमीन.