फवारणीच्या औषधाचे माप : गॅलन आणि लिटर

जुन्या काळी पायलीचे माप गावोगाव निराळे असे. म्हणून धान्य घेताना पायली कोणती, हे प्रथम विचारावे लागे. परदेशी शेतीपत्रिकांत आढळणाऱ्या गॅलनचेही तसेच आहे. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, तर ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा असतो. दोहोंचेही ८ पाइंट होतात. म्हणून अमेरिकन पाइंट ४७३ मिलिलिटरचा व ब्रिटिश पाइंट ५६८ मिलिलिटरचा भरतो.

उदाहरणार्थ, एखाद्या अमेरिकन पत्रिकेत १०० गॅलन पाण्यास १ पाइंट औषध सांगितले आहे असे समजू. १०० गॅलन म्हणजे ३७८.५ लिटर. ४७३ ला ३७८.५ ने भागल्यास दर लिटरास १.२५ मिलिलिटर येते. म्हणजे १५ लिटरच्या पाठीवरील पंपास सुमारे १९ मिलिलिटर औषध झाले. तेथे पाइंट तेवढा ब्रिटिश धरल्यास हीच मात्रा २२.५ मिलिलिटर, म्हणजे एक-पंचमांशाने अधिक होते.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. विषारी औषधाच्या बाबतीत मापातील कोणतीही चूक क्षुल्लक मानू नये. यास्तव पुढील नियम पाळावेत :

१. आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या औषधाच्या वेष्टनावर छापलेली मात्राच प्रमाण मानावी. परदेशी पत्रिकेवरून ती ठरवू नये.

२. औषध झाकणाने वा अंदाजाने न ओतता मिलिलिटरच्या खुणा असलेल्या मोजपात्राने मोजावे.

३. ग्रामकार्यकर्त्यांनी वरील गणित शेतकरी बंधूंकडून एकदा प्रत्यक्ष करवून घ्यावे.