अभंगाची चाल संगणकात उतरविताना



अभंगाची चाल आजवर मुखातून कानी आली. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) व विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी स्वरलिपी घालून दिल्या, तरी भजनात गुरुमुखच प्रमाण राहिले. हल्ली आमच्या कामणसारख्या गावांतूनही तरुण मंडळी संगणकावर चाली भरू पाहतात. वृद्ध गायकांबरोबर चाल लोपू नये, हा हेतू उत्तमच. परंतु भरताना चालच पालटली, तर पुढची पिढी तिलाच मूळ समजेल. म्हणून हे थोडे विवेचन.

प्रथम षड्ज ठरवावा. १९८३ पासून रूढ झालेल्या मिडी पद्धतीत स्वरांना ० ते १२७ असे अंक आहेत. पेटीची मधली पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक म्हणजे ६१. काळी एकचा सा धरला, तर रे ६३, ग ६५, म ६६, प ६८, ध ७०, नि ७२ आणि तार सा ७३. कोमल स्वर एकाने खाली, तीव्र मध्यम एकाने वर. पडद्यावरील चौकटीत खालून वर स्वर चढतो, डावीकडून उजवीकडे काळ सरकतो. भजनी ठेका ८ मात्रांचा. म्हणून चार-चार मात्रांचे दोन खण मिळून एक आवर्तन होते.

स्वर भरण्याच्या रीती दोन. माऊसने एकेक ठोकळा मांडावा, नाहीतर जोडलेल्या पट्ट्यांवर वाजवावे. ज्याला चाल बसली आहे त्याने वाजवूनच भरावे. मांडलेले ठोकळे सारे एकाच जोराचे पडतात; वाजविलेल्यात बोटाचा हलका-भारीपणा उतरतो.

आता संपादन. ‘क्वांटाइझ’ म्हटले की प्रत्येक स्वर मात्रेच्या रेघेवर जाऊन बसतो. चुकला हात सुधारायला हे बरे. पण गायक मुद्दाम किंचित मागाहून शब्द उचलतो, तेही पुसले जाते. स्वर सेकंदाच्या पंचविसाव्या भागाने मागे असेल, तर ५० टक्के ठेवल्यास तो पन्नासाव्या भागाने मागे राहतो. पुष्कळ सॉफ्टवेअरांत ही टक्केवारी ठरविता येते. मींडेसाठी दोन ठोकळे शेजारी ठेवून भागत नाही. तिथे ‘पिच बेंड’ची रेघ ओढावी लागते.

वैदिकांनी पदपाठात शब्द सुटे केले, पण संहितापाठ सोडला नाही. दोन्ही जपले, म्हणून पाठ शुद्ध राहिला. तद्वत ठोकळ्यांची चाल हा पदपाठ समजावा. संहिता म्हणजे गायकाच्या गळ्याचे अखंड ध्वनिमुद्रण. ते आधी करावे, निराळ्या नावाने राखावे, त्यावर कात्री चालवू नये.

शेवटी परीक्षा सोपी आहे. भरलेली चाल लावा, हाती टाळ घ्या आणि जाणत्या म्हाताऱ्याला गायला सांगा. तो सहज गायला तर ठीक. अडखळला, तर ‘अनडू’ करून मागे या. त्याचा गळा यंत्राकडे ओढू नका.

रामकृष्णहरि.